पराक्रम चालतो, हुकूम चालत नाही

सैन्यातले बहुतेक जवान खेड्यांतून येतात आणि बाईचा हुकूम मानायला त्यांच्या मनाची तयारी नाही. हे पारावरचं बोलणं नाही. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात लेखी मांडलेला हा मुद्दा आहे. त्याच्या जोडीला बाळंतपण होतं, घरच्या जबाबदाऱ्या होत्या, शारीरिक क्षमता होती, शत्रूच्या हाती सापडण्याचा धोका होता. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने हे सगळं फेटाळलं. महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्या आणि कमांडच्या नेमणुकांतून त्यांना सरसकट वगळू नका, असं बजावलं.

त्यातल्या पहिल्या मुद्द्याचा मला अजून राग येतो. तो बाईचा अपमान आहेच, खेड्यातल्या जवानाचाही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. गावाचा कारभार बाई चालवते, हे तो लहानपणापासून पाहतो. त्याची आई शेत, दावणीची जनावरं आणि सोसायटीचं कर्ज सांभाळून त्याला भरतीला पाठवते. सॅल्यूट हुद्द्याला करायचा, माणूस बघून नाही, हा धडा त्याला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यातच मिळतो. अडचण जवानाची नव्हती. ती वरच्या खुर्च्यांची होती आणि नाव त्याचं पुढे केलं गेलं.

इतिहासात डोकावायचं तर फार लांब जायला नको. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तेव्हा त्यांच्या राणी ताराबाई पंचविशीच्या होत्या. समोर औरंगजेब जातीने दख्खनेत तळ ठोकून बसलेला. पुढची सात वर्षं, म्हणजे १७०७ मध्ये बादशहा मरेपर्यंत, ही लढाई ताराबाईंनी चालवली. मोगलांनी किल्ला घ्यायचा आणि मराठ्यांनी तो परत काढून घ्यायचा. मोगल इथे गडांना वेढे घालत अडकले असताना मराठ्यांच्या फौजा माळवा आणि गुजरातेत घुसत होत्या. कोणता सरदार कुठे जाणार, रसद कशी पोचणार, हे ठरवणारी बाई होती आणि हुकूम मानणारी फौज मावळातल्या, देशावरच्या खेड्यांतली होती. तळेगावच्या उमाबाई दाभाड्यांनी मुलगा डभोईच्या लढाईत पडल्यावर सेनापतिपदाचा कारभार हाती घेतला. दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा खून झाल्यावर त्या फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. तीनशे वर्षांपूर्वीच्या खेड्याला जे जमलं, ते आजच्या खेड्याला जमणार नाही, असं म्हणायला आधार काय?

बाईचा पराक्रम जगात कोणालाच अडचणीचा वाटत नाही. अडचण होते ती तिने हुद्दा, पगार आणि पेन्शन मागितल्यावर. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात सुमारे आठ लाख बायका होत्या. त्यांच्या एका रेजिमेंटमध्ये वैमानिकापासून मेकॅनिकपर्यंत सगळ्या बायकाच. लाकूड आणि कापडाच्या जुनाट विमानांतून त्यांनी रात्री-रात्री उडून तेवीस हजारांहून अधिक फेऱ्या मारल्या. युद्ध संपलं आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये ती रेजिमेंट मोडली. त्याआधी जुलैमध्येच सोव्हिएत नेते कालिनिन यांनी घरी निघालेल्या महिला सैनिकांना सल्ला दिला होता की, केलेल्या कामगिरीची वाच्यता करू नका.

त्याच युद्धात अमेरिकेत हजाराहून अधिक महिला वैमानिकांनी लष्करासाठी विमानं उडवली. कारखान्यातून तळावर विमान पोचवायचं, तोफखान्याच्या सरावासाठी आकाशात निशाण ओढत फिरायचं. अडतीस जणी मेल्या. कागदोपत्री त्या नागरी कर्मचारी, म्हणून लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार नाहीत. शव घरी पाठवायला मैत्रिणींनी वर्गणी काढली. माजी सैनिकांचा दर्जा त्यांना मिळाला तो १९७७ साली.

आपल्याकडे १८८८ मध्ये ब्रिटिश फौजेच्या शुश्रूषेसाठी दहा परिचारिका मुंबईत उतरल्या. वैद्यकीय सेवांबाहेर बाईला अधिकारी व्हायला मात्र १९९२ उजाडलं. तेही शॉर्ट सर्व्हिस म्हणून, आधी पाच वर्षांसाठी, मग मुदत वाढवत चौदापर्यंत नेली. इथे मेख आहे. अधिकाऱ्याला पेन्शन वीस वर्षांच्या नोकरीवर मिळते. चेन्नईच्या अकादमीत शेजारी-शेजारी परेड केलेल्या पुरुष सहकाऱ्याला पर्मनंट कमिशन मागता येत होतं, तिला बहुतेक शाखांमध्ये नाही. चोविसाव्या वर्षी वर्दी चढवायची, सीमेवर पोस्टिंग करायचं, अडतिसाव्या वर्षी पेन्शनविना घरी यायचं. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्येच महिलांच्या बाजूने निकाल दिला होता. सरकार अपिलात गेलं. स्थगिती नसतानाही अंमलबजावणीला दहा वर्षं लागली.

आणि निकालानंतर? पर्मनंट कमिशनसाठी निवड करणाऱ्या मंडळासमोर जुने गोपनीय अहवाल आले. दरवर्षी वरिष्ठ आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याबद्दल लिहितात ते हे अहवाल. हिला पुढे कायम करायचंच नाही, हे माहीत असल्यावर कोण मन लावून लिहिणार? मधलीच श्रेणी टाकायची आणि सही करायची. बरे शेरे पुरुषांसाठी राखून ठेवायचे, कारण त्यांना त्यांचा उपयोग होता. वर्षानुवर्षं असे लिहिलेले अहवाल बायकांची लायकी मोजायला काढले. तब्येतीचंही तेच. पुरुषाची तपासणी पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात. बायकांना तोच निकष चाळिशी उलटल्यावर लावला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मूल्यमापन भेदभावाचं ठरवलं. समान दिसणारा नियमही अन्याय करू शकतो, हे त्या निकालात स्वच्छ सांगितलं आहे. प्रत्येक सरकारी कचेरीने तो वाचावा.

दार उघडलं तिथे बायका पोचल्या. लष्कराच्या वैद्यकीय शाखेत पर्मनंट कमिशनची वाट आधीपासून होती, म्हणून डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. २०२३ मध्ये खास निवड मंडळ बसलं आणि १०८ जागांवर बायकांची कर्नलपदासाठी निवड झाली. कर्नल गीता राणा यांनी पूर्व लडाखमधल्या फील्ड वर्कशॉपची कमान घेतली. जवानांनी हुकूम नाकारल्याचं कुठे ऐकलं नाही.

तरीही मे २०२५ मध्ये काय झालं ते पाहा. ऑपरेशन सिंदूरची माहिती कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह देशाला देत होत्या. घराघरांत कौतुक चाललं होतं. त्याच आठवड्यात शॉर्ट सर्व्हिसच्या महिला अधिकारी नोकरी टिकवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात उभ्या होत्या. त्यांना तूर्त सेवेतून काढू नका, असं न्यायालयाला ९ मे रोजी सांगावं लागलं. टीव्हीसमोर टाळ्या वाजवणाऱ्या आपण सगळ्यांनी ही बातमीही तितक्याच मोठ्याने बोलायला हवी होती.

इन्फन्ट्री आणि रणगाडा दलाची दारं बायकांना अजून बंद आहेत. शारीरिक ताकदीचा प्रश्न तिथे खरा आहे आणि तो टाळू नये. त्याचं उत्तरही सरळ आहे. कामाला लागणारा निकष ठरवा. एवढं ओझं, एवढी चाल, एवढ्या वेळात. जो किंवा जी पार करेल त्याला-तिला घ्या, जमणार नाही त्याला घरी पाठवा. निकष शिथिल करा, असं कोणी मागत नाही. परीक्षेलाच बसू न देणं हा अन्याय आहे.

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) पहिल्यांदा मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. १७ जणी. मुलांसोबत तीन वर्षं त्याच मैदानात घाम गाळून. एनडीएच्या वाटेने येणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून पर्मनंट कमिशन असतं, म्हणजे चौदा वर्षांचा तो सापळा त्यांच्यासाठी नाही. गोपनीय अहवाल मात्र त्यांचेही दरवर्षी लिहिले जाणार आहेत. ते लिहिणाऱ्या प्रत्येक कमांडिंग ऑफिसरला एवढंच सांगणं: तिने केलेलं काम नीट पाहा, तेवढंच लिहा आणि पुढच्या बढतीच्या यादीत तिचा नंबर लागत असेल तर तो लागू द्या. या सतरा जणींना हक्काच्या हुद्द्यासाठी वकील लावायची वेळ येता कामा नये.