पुण्याले जाते का नागपूरले?

“अव बाई, ऐकलं काय? समोरची पोट्टी हैदराबादले चालली म्हणते!”

काकूंची बातमी नेहमी अशी ‘म्हणते’ लावून येते. कोण म्हणते, ते विचारायचं नसतं. मी चहाचा कप घेऊन कंपाउंडपाशी गेले. काकूंनी भिंतीवर ओलं गोणपाट उलगडलं होतं आणि सोयाबीनचे कोंब मोजणं चाललं होतं. रिसोडकडं त्यांचं शेत आहे, यंदा घरचंच बियाणं पेरायचं ठरलंय. शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओले ठेवायचे. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं बरं, कमी उगवले तर एकरी जास्त टाकायचं. काकू चाळिसापर्यंत आल्या होत्या. हैदराबादच्या नादात आकडा गेला आणि पुन्हा एकपासून सुरुवात झाली.

“एकटी?” मी विचारलं.

“एकटीच म्हणते! अन् आमच्या घरी पाय, पोट्ट्याचं काई ठरूनच नाई रायलं.”

हे ‘ठरून नाई रायलं’ आता आमच्या साऱ्या लाइनीला पाठ आहे. काकूंचा धाकटा मेकॅनिकलचा इंजिनिअर. शेवटचा पेपर झाला त्या दिवसापासून घरात रोज संध्याकाळी एक नवं शहर निघतं आणि सकाळच्या चहापर्यंत रद्द होतं.

“पुण्याले जातो म्हणते. मी म्हटलं, पुण्यात कुठी? तं म्हणते चाकणले.”

चाकण म्हणजे पुणे, असं वाशीमहून दिसतं. लग्नानंतर आम्ही काही वर्षं भोसरीत काढली, म्हणून मला ठाऊक. चाकणहून पुणे स्टेशन तीस किलोमीटरच्या वर आहे आणि संध्याकाळी कंपन्या सुटल्या की नाशिक रस्त्यावर ते अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. पोरगं तिथं गेलं तर त्याचं पुणं म्हणजे खोली, कंपनीची बस, शिफ्ट आणि मेस. शनिवारवाडा पाहील तो आपण इथून गेलो तर, आपल्याला दाखवायला म्हणून. काकूंच्या डोक्यातलं पुणं मात्र हिंजवडीचं आहे. काचेच्या बिल्डिंगा, गळ्यात पट्टा, बारा महिने एसी. मेकॅनिकलवाल्यालाही तिकडं घेतात म्हणा, पण बहुतेकांना आधी कसला तरी कोर्स करावा लागतो, आणि त्या कोर्सची फी इंजिनिअरिंगच्या हिशेबात कोणी धरलेली नसते.

“नोकरी हातात हाय काय त्याच्या?”

“नाई ना. तठी गेल्याबिगर भेटत नाई म्हणते. कंपनीवाले फोन करतात, उद्या सकाळी इंटरव्ह्यूले ये. वाशीमवरून उद्या सकाळी कसा पोचीन सांग?”

यात मात्र खोटं काही नाही. म्हणूनच आपल्याकडची कितीतरी पोरं बायोडाटावर मित्राच्या खोलीचा पत्ता टाकतात. पोरगं पाटणी चौकात चहा पीत असतं आणि कागदावर ते पुण्यात वाकडला राहत असतं.

“मंग कॉट कोनाची हाय?” मी मुद्द्यावर आले.

शहर निवडायचं म्हणजे पगार, हवा, पाणी, पुढची प्रगती यांचा विचार करायचा असं मोठी माणसं सांगतात. वाशीम जिल्ह्यात शहर ठरतं ते कॉटवर. आपल्या कॉलेजचा, आपल्या तालुक्याचा, एखादा दोन वर्षं आधी गेलेला पोरगा तिथं खोली करून असतो. त्या खोलीत चार कॉट असतात. त्यातला एक जण बदली होऊन, लग्न होऊन नाहीतर वैतागून परत गेला की कॉट रिकामी होते. तो इथं फोन करतो, “येतं काय बे?” झालं, करिअर ठरलं. मंगरुळपीरची पोरं एका गल्लीत आणि मानोऱ्याची दुसऱ्या, हे काही कंपन्यांनी ठरवलेलं नाही.

“कॉट हाय त्याच्या दोस्ताजोळ,” काकू म्हणाल्या, “पण डिपॉझिट मांगतात. अन् आमचे हे म्हणतात, पेरनी होऊ दे.”

मग मी सहज म्हणून नागपूरचं विचारलं. काकूंचे दीर नागपूरला, घर स्वतःचं, वर एक खोली रिकामी. बुटीबोरीची एमआयडीसी आहे, मिहान आहे, मेट्रो आहे. शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर चढलं तर तीन-साडेतीन तासांत माणूस पोचतो. भाषा आपली, भाजी आपली, उन्हाळा तर आपल्याहून वरचढ. माझ्या मते यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

काकूंनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “जाऊबाईच्या घरी ठेवू? वर्सभर ठेवला तं जलमभर आयका लागीन. मोठ्या लेकीच्या परीक्षेले दोन दिवस गेलती तं अजून दर लग्नात सांगते, आमच्याइथं राहून पास झाली म्हणून.”

तर नागपूर हे असं बाद झालं. नागपुरात उद्योग आले नाहीत, विदर्भावर अन्याय झाला, यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येतात. जाऊबाईंमुळं नागपूरनं किती इंजिनिअर गमावले, त्याचा अभ्यास व्हायचा आहे. नातेवाइकाचं घर ज्या शहरात आहे ते शहर सोपं, असं आपण म्हणतो, पण परक्याच्या कॉटवर निदान भाडं टाकलं की मान वर करता येते.

एवढ्यात पलीकडून गुरुजी आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर दोन माणसं उभी दिसली की ते त्यांना वर्गच समजतात. हातात पेपर होता.

“वाचलं का? समृद्धीचा इगतपुरी ते आमणे, शेवटचा तुकडाही उघडला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, तीन-तीन ठिकाणी आपल्या जिल्ह्यातून चढता येते. आता शहर कोनतंही घ्या, दूर राहिलंच कुठी?”

“रस्ता सरळ हाय म्हणूनच भेव लागते गुरुजी,” काकू म्हणाल्या.

मग कोणीच काही बोललं नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स पेटली आणि २५ जण गेले. तारीख आमच्याकडं विसरणं शक्य नाही, कारण १ जुलै हा जिल्ह्याचाही वाढदिवस, १९९८ सालचा. तेव्हापासून पोरगं ट्रॅव्हल्समध्ये बसलं की आया रात्री उशाशी फोन घेऊन झोपतात, आणि ‘पोचलो’ असा फोन आल्याशिवाय सकाळचा चहा टाकत नाहीत. दिवाळीत त्याच ट्रॅव्हल्सचं तिकीट काढताना वेगळंच भेव असतं. खाजगी गाडीनं एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही, असा २०१८ सालचा शासन निर्णय आहे. धनत्रयोदशीच्या आसपास तो कोणत्या डिक्कीत टाकतात कोण जाणे.

विषय बदलायला म्हणून मी म्हटलं, “संभाजीनगरचं काय वाईट आहे?”

मला स्वतःला विचाराल तर मेकॅनिकलच्या पोरासाठी तेच शहर. वाळूज आहे, चिकलठाणा आहे, शेंद्रा आहे. बिडकीनला टोयोटाचा कारखाना यायचा करार २०२४ साली झाला. पुण्यापेक्षा खोली स्वस्त, शनिवारी शिफ्ट संपवून निघालं तर रात्री जेवायला घरी. पण नुसतं नाव काढलं तर गुरुजींना सूर सापडला.

“अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोनी कोरवलं? वराहदेवानं. वराहदेव कोनाचा मंत्री? हरिषेण वाकाटकाचा. अन् हरिषेणाची राजधानी?”

“वत्सगुल्म,” मी म्हटलं. आमच्या लाइनीत हे उत्तर दूधवाल्यालाही येतं.

“वत्सगुल्म म्हणजे वाशीम! पंधराशे वर्सांपूर्वी तिकडची कामं इथून निघत होती. अन् आज आपले पोट्टे तिकडं कामाले.”

“तवा वाळूजले बजाजचा कारखाना नव्हता ना गुरुजी,” काकू म्हणाल्या आणि पुढचा दाणा मोजला.

संभाजीनगर का नको, ते काकूंच्या पोरानं मला एकदा गच्चीवर सांगितलं होतं. “काकू, सारे पुण्याले गेले. मी तठी गेलो तं म्हणतीन, पुण्यात जमलं नाई वाटते.” अजून घरातून पाय बाहेर पडला नाही, आणि ‘जमलं नाही’ची लाज आधीच तयार! मला त्या वयाचा राग येत नाही, कीव येते. पण मत मी बदललेलं नाही. पहिला पगार कुठून येतो ते पाहावं, शहराचं नाव दुसऱ्या नोकरीला पाहता येतं.

मुंबईचं नाव या घरात फक्त एकदा निघालं. काकांनी “तठी झोपते कुठी माणूस?” असं विचारलं आणि मुंबई संपली.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती काकू सरळ बोलत नाहीत. जून हा महिनाच वाईट. इकडं खत, फवारणी, ट्रॅक्टरचं भाडं. तिकडं डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचा ॲडव्हान्स, आणि पोराला ‘फॉर्मल’ बूट. घरात गेल्या हंगामाचे काही कट्टे अजून पडून आहेत. २०२४ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता, म्हणून काकांनी थांबवून धरलं. २०२५ च्या हंगामाला ५,३२८ जाहीर झाला, पण तो नव्या मालाला. आता कट्टे विकायचे तर पडत्या भावात, आणि नाही विकायचे तर पोरगं घरात. पैसा बापाचा म्हणून मत बापाचं, बापाचं मत म्हणून काकाचं, काकाचं आलं की मामाचं. मग गुरुजींनाही एक मत द्यावंच लागतं. शहर निवडायला एवढी मोठी सभा बसते, ती पोराच्या प्रेमापोटी असतेच, पण डिपॉझिटपोटीही असते.

समोरच्या पोरीचं नेमकं इथंच वेगळं झालं. ती बी.कॉम. २०२४ साली सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली, त्यात तिनं नाव दिलं. पदवीधराला महिन्याला १० हजार विद्यावेतन. आधी सहा महिने होते, मग वाढवून अकरा केले. आपल्या घराघरांतली पोरं त्यात होती, कोणी मोबाइल घेतला, कोणी गाडीचे हप्ते भरले. हिनं कार्यालयात फायली लावल्या, डबा घरून नेला आणि पैसे बँकेतून हलवले नाहीत. हे मला तिच्या आईनंच सांगितलं, थोडं अभिमानानं आणि थोडं तक्रारीनं. घरात जेव्हा ‘नाई’ म्हणायची वेळ आली तेव्हा म्हणायला कोणाच्या हातात काही उरलंच नव्हतं. तिनं कोणाकडं मागितलंच काय होतं?

“पण हैदराबादच काऊन?” काकूंचा प्रश्न. “ना आपली भाषा, ना आपलं माणूस.”

“आपला मुलूखच होता तो,” गुरुजी म्हणाले. “१८५३ पर्यंत सारं वऱ्हाड निजामाच्या कारभारात. नंतर इंग्रजांनी बासिमचा, म्हणजे वाशीमचा, जिल्हा केला, १९०५ ला तो मोडून वाशीम अकोल्यात घातलं...”

“अन् १९९८ ला परत केला. समजलं गुरुजी.”

कारण तेवढं ऐतिहासिक नाही. तिची हिंगोलीची मैत्रीण अमीरपेठेत एका लेडीज हॉस्टेलात आहे, तिच्या खोलीतली कॉट रिकामी झाली. शिवाय गाडी थेट. २००८ साली आपल्याकडं रुंद रूळ पडले, आता वाशीम स्टेशनवर बसायचं ते काचीगुड्याला उतरायचं. रात्रीची ट्रॅव्हल्स नाही, समृद्धी नाही. तिच्या आईला काय पटलं असेल तर ते हे रेल्वेचं. आणि काम कसलं? एका कंपनीला महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायला मराठी माणसं पाहिजेत. म्हणजे मराठी बोलायचा पगार घ्यायला पोरगी हैदराबादला निघाली!

गुरुजी यावर खूश झाले, मी नाही झाले. फोनवरची ती कामं माणसाला लवकर थकवतात आणि कधी रात्रीची पाळीही असते. पण ती गेली आणि पटलं नाही, तर परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्याच खात्यात आहेत. काकूंच्या पोराला परत यायचं झालं तर आधी सभा बोलवावी लागेल.

२०१८ साली दिल्लीनं आपला जिल्हा ‘आकांक्षित’ म्हणून जाहीर केला, गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवबरोबर. त्याचे फलक लागले तेव्हा काकूंनी मला अर्थ विचारला होता. मी सांगितला. त्या म्हणाल्या, “मंग बरोबर हाय. साऱ्याइची एकच आकांक्षा, पोट्टं बाहेर जावं.”

“त्र्याहत्तर!” काकू एकदम म्हणाल्या. बियाणं पास झालं होतं. त्यांनी गोणपाट गुंडाळलं. गुरुजी पेपर घेऊन गेले. समोरचं फाटक वाजलं. पोरगी स्कूटी काढत होती, बहुतेक स्टेशनवर आरक्षणाला.

काकूंनी माझा हात धरला.

“अव, तिले विचार ना जरा. तठी मेकॅनिकलवाल्याले काई काम भेटते काय?”

“तुम्हीच विचारा ना काकू.”

“मी कशी विचारू? परवाच तिच्या मायले म्हटलं, लेकीले इतकं दूर कोनी धाडते काय म्हणून. तू विचार. अन् पगार बी विचारजो.”