डोंगर, तळं आणि गुंठ्याचा रेट

जासईत ‘दादूस’ अशी हाक मारली तर निम्मी आळी वळून बघते. मी सांगतोय तो दादूस त्या निम्म्यांतला कुणीही असू शकतो. वय पन्नाशीपुढे, गळ्यात जाड चेन, बंदरात कंटेनरचा धंदा, दारात दोन ट्रेलर. बापाची भातखाचरं नवी मुंबईसाठी गेली. 1984 च्या जानेवारीत या जमिनींसाठी दि. बा. पाटलांनी उभारलेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा हा शाळेत होता. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना त्याच लढ्यातून पुढे आली. दादूसला भूखंड मिळाला आणि सोबत एक खोड जडली. मोकळी जमीन दिसली की तिचा भाव विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही.

2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ती बातमी दादूसने कात्रण काढून पाकिटात ठेवली आणि यथावकाश एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं घर केलं. दोन शेगड्या, फ्रिज, बेसिन, घडीचा पलंग आणि मागे एवढंसं टॉयलेट. काचेवर वर ‘आई एकविरा प्रसन्न’, खाली दि. बां.चा फोटो. सगळं जय्यत, फक्त कशालाही हात लावायचा नाही. गाद्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. शेगडी पेटवली तर पडद्यांना वास लागेल, म्हणून वहिनींनी पहाटे चारला उठून घरच्याच चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीचा डबा भरला. टॉयलेटला कुलूप. किल्ली दादूसच्या खिशात, आणि खिसा ड्रायव्हिंग सीटवर दाबलेला.

पवना धरणाच्या तळ्याकडे निघालो. दास्तान फाट्यावर ट्रेलरची रांग लागलेली. ओळखीच्या प्रत्येक ड्रायव्हरला हॉर्न देऊन गाडी दाखवून होईपर्यंत ऊन वर आलं होतं. पळस्पे सोडून जुन्या हायवेने खोपोली गाठली. 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना जिथून वीज जाऊ लागली ते टाटांचं वीजघर इथलंच. डोंगरावरून उतरणारे त्याचे पाइप बघून दादूस म्हणाला, “पानी टाटाचा, डोंगर सरकारचा, मंग गाववाल्यांचा काय?” उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून मुलांनी बिस्किटं मागितली. ती फ्रिजमध्ये होती. फ्रिज गाडी थांबल्यावरच उघडायचा असा नियम.

घाटात शिंगरोबाच्या देवळाशी गाडी थांबली. शिंगरोबा धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी आख्यायिका. दादूसने दोन्ही हात जोडले, नाणं ठेवलं आणि देवाला समजुतीच्या सुरात सांगितलं, “आधी कागद करून घ्यावा लागतं रे बाबा.”

कार्ल्याला जायचं ठरलं नव्हतं. पण आगरी माणसाची गाडी लोणावळ्याच्या पुढे जाऊन कार्ल्याला वळणार नाही, असं स्टिअरिंग अजून कुठल्या कंपनीने बनवलेलं नाही. तिथल्या एकविरा आईचं दर्शन झालं, ओटी भरली. शेजारच्या दोन हजार वर्षांच्या चैत्यगृहात तो बराच वेळ मान वर करून उभा राहिला. मला वाटलं, शिल्प बघतोय. “आख्ख्या दगडात. पिलर नंतर लावलेले नाय,” तो म्हणाला. ही त्याची सर्वोच्च दाद असते.

कामशेतवरून पवनाकाठी पोचायला तीन वाजले. समोर तिकोना, पलीकडे तुंग, मागे लोहगड आणि मधे निळंशार पाणी. वहिनींनी चटई अंथरली, अर्थात गाडीबाहेर. मुलं पाण्याकडे पळाली. दादूस एका तारेच्या कुंपणाकडे गेला.

“जागा कोनाची हाय?”

कुंपणापलीकडे एक म्हातारबुवा गुरं राखत बसले होते. ते म्हणाले, “कुंपनाच्या आत पुन्याच्या पार्टीची.” मग काठी पाण्याकडे करून म्हणाले, “आन् ती आमची.”

दादूस खाली बसला. गुंठ्याचा रेट विचारायचा राहून गेला. एरवी दुसऱ्याचं बोलणं तो हॉर्नसारखं मधेच तोडतो. इथे अर्धा तास गप्प ऐकत होता. तळ्याखालची खाचरं, विहीर, पुनर्वसनाच्या चपला झिजवणाऱ्या फेऱ्या. मग त्याने काटकी घेतली आणि मातीत चौकोन आखून साडेबारा टक्के समजावून सांगायला घेतलं: रस्त्याला किती जातं, हातात किती उरतं, वारसांच्या सह्या कुठे अडतात. तिकोन्याकडे दोघांचीही पाठ होती. शेवटी तो उठला, टॉयलेटची किल्ली काढून म्हाताऱ्याला म्हणाला, “बाबा, आमचा घर बघा.” म्हाताऱ्याने चपला बाहेर काढून गाडी आतून पाहिली, बेसिनचा नळ सोडला, बंद केला आणि विचारलं, “ह्याचा सात-बारा निगतो का?”

“नाय,” दादूस म्हणाला, “म्हनून तर घेतली.”

अंधार पडायच्या आत परत निघालो. मुक्कामाचं मी विचारून पाहिलं. घर असताना गाडीत झोपायला आपण काय ट्रेलरवर आहोत का, असा उलट सवाल आला.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर लोकांनी विचारलं, “दादूस, कसा हाय पवना?”

“एक नंबर. पानी बारमाही, डोंगराकडून वारा. फक्त अ‍ॅप्रोच रोड बारीक हाय.”