दुबईच्या टूर मॅनेजरभाऊंना, बडनेऱ्याहून

प्रिय टूर मॅनेजरभाऊ,



अत्तराच्या शोरूममध्ये आपण आम्हाला अडीच तास बसवून ठेवलंत, त्याबद्दल नव्या वस्तीतल्या आमच्या अख्ख्या घराकडून आभार. छापील कार्यक्रमात त्या वेळी ‘जुनी दुबई, अब्रा होडीतून खाडीची सफर’ होती. आपण तिचं ‘फॅक्टरी व्हिजिट’ केलंत. फॅक्टरी कुठं दिसली नाही. मनगटापासून कोपरापर्यंत अत्तरं चोळून झाली, नाक थकलं तेव्हा कॉफीच्या बिया हुंगायला दिल्या, आणि पुन्हा सुरुवात. दाराला कुलूप नव्हतं, हे कबूल. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, कुलपाची गरजच काय?

बाकी तक्रारी किरकोळ. ‘ऑफ सीझन स्वस्त पडतो’ म्हणून मेमध्ये नेलंत. ऊन पाहायला बडनेऱ्याच्या माणसानं पासपोर्ट काढावा, ही कल्पना मोठीच. वाळूच्या टेकड्यांवर गाडी उधळून सौ.ला ओकायला लावलंत, पण ते पॅकेजातच होतं. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफात १२४ व्या मजल्यावर मिनिटाभरात चढवलंत आणि तेवढ्याच घाईनं उतरवलंत. पोरं खूश झाली, विषय संपला.

राहिली ती खाडी. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. दुबईत त्यांना तेवढंच पाहायचं होतं. खाडीकाठच्या अल फहिदी मोहल्ल्यातल्या जुन्या घरांवर वाऱ्याचे मनोरे आहेत, बरजील म्हणतात त्यांना. चारी बाजूंनी उघडे. वारा येईल त्या अंगानं धरायचा आणि खालच्या खोलीत सोडायचा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत ज्यानं उन्हाळे काढले, त्याला हे बघावंसं वाटलं. (आपला कूलर तिथं कुचकामी, हेही त्यांनीच सांगितलं, समुद्राकाठच्या दमट हवेत तो काय गार करणार?) मनोरे पाहून एका दिरहमात लाकडी अब्रातून पलीकडे जायचं, एवढा त्यांचा बेत. जपानी मोत्यांनी तिथला मोत्यांचा धंदा बुडवला तेव्हा दुबईत तेल नव्हतं, ते सापडलं १९६६ साली. मधली वर्षं गाव तगलं ते या खाडीवर. १९६० च्या सुमारास गाळ काढून तीच खोल केली. आणि १९६६ पर्यंत तिथं रिझर्व्ह बँकेनं छापलेले रुपये चालत! हे सगळं बाबा घरून वाचून निघाले होते.

ती खाडी आपण धावत्या बसमधून दाखवलीत. ‘लेफ्ट साइडला क्रीक!’ बाबा उजवीकडे बसले होते.

भाऊ, उपरोध गेला खड्ड्यात. अत्तर घ्यायचं असतं तर अमरावतीत घेतलं असतं. म्हाताऱ्या माणसाची एक संध्याकाळ तुम्ही दुकानदाराला विकलीत, आणि तिचे पैसे आमच्याकडून आधीच घेऊन ठेवले होते. लाज वाटायला पाहिजे.

‘जाऊ दे ना बाप्पा, त्याले बी त पोट हाय,’ बाबा म्हणाले. मला तेव्हा पटलं नाही. मग रात्री लॉबीत तुम्ही फोनवर मालकांना सांगताना ऐकलं, ‘सर, ग्रुप विदर्भाचा आहे, कोणी काही घेतच नाही.’ पलीकडचं बोलणं ऐकू आलं नाही, तुमचा चेहरा मात्र दिसला. बुर्जवर आपण एकदाही गेलेलो नाही, दर खेपेला खाली पिशव्या सांभाळतो, हे तुम्हीच माझ्या मुलीला सांगितलं होतं. आमचा पुतण्या तुमच्याच वयाचा. त्याला कुणी असं शोरूमच्या कमिशनवर जगायला लावलं असतं, तर आम्ही भांडायला मुंबईपर्यंत गेलो असतो.

तेव्हा हे पत्र मालकांना मोठ्यानं वाचून दाखवा. तुमचा पगार आमच्या तिकिटात धरा, चार पैसे जास्त घ्या. ते जमत नसेल तर पुढच्या छापील कार्यक्रमात स्वच्छ लिहा : ‘अत्तर, अडीच तास, सक्तीचे.’ बाबा हिवाळ्यात पुन्हा निघणार म्हणतात, बिनटूरचे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला २०२५ पासून विमान आहे, पुढचं आमचं आम्ही पाहू.

कळावे. लोभ कमिशनपुरताच असावा.

आपला,
ग्रुपमधला ‘काही न घेणारा’,
नवी वस्ती, बडनेरा