दालचिनी, मोजे आणि मंगळ

बिनलग्नाच्या माणसाचं काय करायचं, हे जगातल्या एकाही समाजाला अजून नीट उमगलेलं नाही. संन्यासी झाला तर त्याच्या पाया पडता येतं. विधुर झाला तर हळहळता येतं. पण तिशी उलटलेला, हातीपायी धड, दरमहा पगार आणणारा माणूस 'तसा अजून विचार नाही' असं म्हणत खुशाल श्रीखंडाची वाटी पुन्हा पुढे करतो, तेव्हा पंगतीतल्या वडीलधाऱ्यांच्या घशात पुरी अडकते. मी या जमातीतला. त्यामुळे लग्नसराईत मला आमंत्रणांचा तोटा नसतो. जेवण हे निमित्त, खरी बोलावणी उलटतपासणीची.

'काय मग, लाडू कधी?' हा पहिला प्रश्न. त्याला उत्तर नसतं आणि विचारणाऱ्याला ते नकोही असतं. दुसरा प्रश्न आवाज खाली आणून येतो, 'पत्रिकेत काही आहे का?' तिसरा मला विचारत नाहीत, आईला बाजूला घेऊन विचारतात. यावर तोडगा म्हणून मी देशोदेशीच्या लग्नाच्या चालीरीती पाठ करायला घेतल्या. प्रश्न आला रे आला की एक चाल सांगायची. समोरचा बुचकळ्यात पडतो, तेवढ्यात मठ्ठा येतो आणि वेळ निभावते.

सुरुवात मी बहुधा डेन्मार्कपासून करतो. तिथे पंचविसावा वाढदिवस बिनलग्नाचा उजाडला की मित्रमंडळी तुम्हाला रस्त्यावरच्या खांबाला बांधतात आणि अंगावर दालचिनीची पूड उधळतात. आधी पाण्याने सचैल भिजवतात, कारण कोरड्या अंगाला पूड धरत नाही. डोळ्यांत जाऊ नये म्हणून गॉगल चढवतात, एवढी माणुसकी आहे. मग नाकाकानांत, केसांत, सदऱ्याच्या आत, जिथे जाईल तिथे दालचिनी. त्यातूनही कोणी सुधारला नाही आणि तिशी गाठली, तर मिरपूड. शिवाय तेलाच्या रिकाम्या पिंपांवर पिंपं रचून मिरी दळण्याच्या यंत्राचा एक भलामोठा पुतळा त्याच्या दारात उभा करतात, म्हणजे टपालवाल्यालाही कळावं. याचं मूळ सांगतात ते असं, की जुन्या काळी मसाल्याचे फिरते व्यापारी या गावाहून त्या गावाला हिंडत राहायचे आणि त्या भटकंतीत त्यांचं लग्न राहून जायचं.

हे मी आमच्या साताऱ्याच्या आत्याला सांगितलं. आत्या बराच वेळ विचार करत होती.

'अख्खी दालचिनी?'

'नाही, पूड.'

'किती?'

'किलोवारी.'

'एवढ्यात साखरपुडा होतो रे,' आत्या म्हणाली.

कोकणात दालचिनी पिकते, मिरीचे वेल तर पोफळीपोफळीवर चढलेले असतात, आणि बिनलग्नाच्या मुलांचं पीकही तिकडे कमी नाही. तरीही ही चाल आपल्याकडे रुजली नाही, याचं कारण मला आत्याच्या त्या एका वाक्यात सापडलं.

जर्मन माणूस जरा काटकसरी. काही भागांत पंचविशीतल्या अविवाहित पुरुषाच्या घराभोवती जुन्या मोज्यांची माळ बांधतात. नवे मोजे नव्हेत, वापरलेले. मुलगी असेल तर सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांची माळ. पण जर्मनांची खरी कमाल पाहायची तर ब्रेमेनला जायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथला रिवाज असा, की पुरुष तीस वर्षांचा झाला आणि लग्न झालं नाही तर त्याने गावातल्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या झाडायच्या. आधीपासून स्वच्छ असलेल्या पायऱ्या झाडण्यात कसली आलीय शिक्षा, म्हणून मित्र महिनोन्‌महिने बाटल्यांची बुचं साठवून ठेवतात आणि त्या दिवशी पोत्यांनी ओततात. वाढदिवसाच्या मुलाला चित्रविचित्र कपडे चढवलेले असतात. झाडू म्हणून हातात कधी दात घासायचा ब्रश देतात, कधी आणखी काही निरुपयोगी. शेजारी हाताने फिरवायची बाजाची पेटी वाजत असते. पायऱ्या झाडून होत आल्या की मित्र आणखी एक पोतं रिकामं करतात आणि स्वतः बीअर पीत उभे राहतात. येणारेजाणारे पर्यटक फोटो काढतात.

यातून सुटका एकच: एखाद्या कुमारिकेने येऊन त्याचं चुंबन घ्यायचं. कौमार्याचा दाखला मागायला तिथे कोणी बसलेलं नसतं, आणि तेच बरं आहे. आपल्याकडे ही चाल असती तर तलाठी कार्यालयात रांग लागली असती आणि सुटकेचा मुहूर्त सर्व्हर डाऊन म्हणून हुकला असता. तिशीच्या मुलींना ब्रेमेनमध्ये झाडू मारावा लागत नाही. त्या चर्चच्या दाराच्या मुठी घासून लख्ख करतात. स्त्री-पुरुष समानता म्हणजे दोघांनाही साफसफाई, अशी ही सरळ वाटणी आहे. आमच्या घरात ती अजून पोचलेली नाही.

फ्रान्समध्ये २५ नोव्हेंबर हा संत कॅथरीनचा दिवस. पंचविशी गाठलेल्या अविवाहित मुली त्या दिवशी हिरव्या-पिवळ्या रंगाच्या झोकदार टोप्या घालतात. पॅरिसच्या शिवणकाम आणि टोप्यांच्या कारखान्यांत हा दिवस मोठ्या हौसेने साजरा व्हायचा. दक्षिण कोरियाने हिशोब आणखी चोख ठेवला आहे. १४ फेब्रुवारीला मुलींनी मुलांना चॉकलेट द्यायचं, १४ मार्चला मुलांनी परतफेड करायची, आणि दोन्ही तारखांना ज्यांच्या हाती काही लागलं नाही त्यांनी १४ एप्रिलला काळपट रस्स्यातल्या शेवया खायच्या. दुःख आहे, पण पोटभर आहे. मला ही चाल सगळ्यांत सुसंस्कृत वाटते.

लग्न केलं म्हणजे सुटलो, अशी कोणाची समजूत असेल तर ती ईशान्य स्कॉटलंडमध्ये आणि ऑर्कनी बेटांवर उतरते. तिथे लग्नाआधी मित्र आणि नातेवाईक वधूला, वराला किंवा दोघांनाही गाठतात, त्यांच्या अंगावर काकवी, काजळी, पीठ, पिसं, नासकं दूध असं हाताला लागेल ते ओततात आणि उघड्या गाडीत घालून भांडी बडवत गावभर मिरवतात. आपल्या हळदीत आणि या प्रकारात तत्त्वतः फरक नाही. काकवीमुळे कांती उजळते असा दावा ते करत नाहीत, एवढाच.

जर्मनीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे वधूच्या दारात येऊन चिनी मातीची भांडी आपटून फोडतात. बशा, कप, फुलदाण्या, आणि उत्साही मंडळी तर जुनं वॉशबेसिन किंवा संडासाचं भांडंसुद्धा उचलून आणतात. काच मात्र फोडायची नाही, ती अपशकुनी. हा सगळा ढीग वधू-वरांनी मिळून झाडायचा. आपल्याकडे याची अडचण अशी, की आहेरात आलेलं स्टील आपटून फुटत नाही. फुटलं असतं तर पुष्कळ घरांतले माळे मोकळे झाले असते. शिवाय त्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, म्हणजे पुरावाही राहतो.

फिनलंडमध्ये सोन्काय्यार्वी नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९९२ पासून दर उन्हाळ्यात बायको उचलून पळण्याची स्पर्धा होते. रोन्कायनेन नावाचा एक दरोडेखोर म्हणे या भागात होऊन गेला, आणि टोळीत भरती करताना तो उमेदवारांना पाठीवर ओझं घेऊन पळायला लावायचा. त्या दंतकथेवर ही शर्यत उभी आहे. अंतर २५३.५ मीटर. वाटेत दोन कोरडे अडथळे आणि साधारण मीटरभर खोल पाण्याचा एक हौद. बायकोचं वजन किमान ४९ किलो हवं. कमी भरलं तर तेवढं वजन तिच्या पाठीवरच्या पिशवीत घालतात. बायको पडली तर दंड म्हणून वेळ वाढवून धरतात. नियमावलीत पुढे असंही आहे, की उचललेली स्त्री स्वतःची बायको असू शकते, शेजाऱ्याची असू शकते किंवा आणखी लांबून शोधून आणलेली असू शकते. सर्व स्पर्धकांनी मजा केलीच पाहिजे, हाही नियमच आहे. इतक्या उदारमतवादी नियमावलीवर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन तास चर्चा झाली असती.

उचलण्याच्या तऱ्हा अनेक, पण जिंकते ती एस्टोनियन तऱ्हा. बायको नवऱ्याच्या पाठीवर उलटी लोंबकळते, तिचे पाय त्याच्या खांद्यांवरून पुढे येतात आणि हात त्याच्या कमरेला घट्ट आवळलेले. नवऱ्याचे दोन्ही हात मोकळे, बायकोचं तोंड त्याच्या कंबरेखाली, संवादाला वावच नाही. या तऱ्हेवर एस्टोनियाच्या जोड्यांनी १९९८ पासून २००८ पर्यंत दरवर्षी शर्यत मारली. बक्षीस म्हणजे बायकोच्या वजनाइतकी बीअर. आपल्याकडे पुढाऱ्यांची गुळाने किंवा लाडवांनी तुला करतात, तिथे पत्नीची बीअरने. आता जड बायको घ्यावी तर बीअर जास्त पण पळणं अवघड, हलकी घ्यावी तर जिंकण्याची आशा पण बक्षीस तुटपुंजं. आमच्या आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, 'म्हणजे तिकडेही आधी मुलीचं वजनच विचारतात.'

परदेशी लोकांना हसण्याआधी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या विडा गावी एक चक्कर मारावी. धुळवडीच्या दिवशी या गावात जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. ही परंपरा ऐंशीहून अधिक वर्षांची. गावातले जाणते लोक काही दिवस आधीच कुठल्या घरचा जावई यंदा गाढवावर बसायचा हे हेरून ठेवतात. होळी जवळ आली की बरेच जावई भूमिगत होतात, म्हणून तरुणांची पथकं त्यांच्या मागावर असतात. सापडलेल्या जावयाने पळून जाऊ नये यासाठी पहारा बसतो. मग गळ्यात चपलांचा हार, अंगावर रंग, पुढे वाजंत्री आणि खाली गाढव अशा थाटात गावप्रदक्षिणा होते. शेवटी मारुतीच्या देवळापाशी जावयाला सन्मानाने उतरवून घेतात, नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देतात. सासुरवाडीचं वागणं नेमकं कसं असतं, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्याही विधीत मांडलेलं मी पाहिलेलं नाही.

आपल्या शास्त्रात तर एकेक तोडगा असा, की डेन्मार्कवाल्यांनी दालचिनी खाली ठेवून नोंदी घ्याव्यात. मुलीच्या पत्रिकेत कडक मंगळ निघाला तर तिचं लग्न आधी मातीच्या घटाशी लावायचं, याला कुंभविवाह म्हणतात. पुरुषाचं तिसरं लग्न अशुभ मानलेलं, म्हणून ते रुईच्या झाडाशी उरकून घ्यायचं, म्हणजे पुढची बाई आपोआप चौथी ठरते. हा अर्कविवाह. असा सफाईदार हिशोब सनदी लेखापालालाही साधायचा नाही. रुईच्या झाडाने यावर काय म्हणायचं ते म्हणो.

मला मात्र मनापासून पटते ती सोडमुंजीतली काशीयात्रा. बटू छत्री, काठी आणि जोडे घेऊन निघतो. म्हणतो, मी काशीला चाललो, मला संसार नको. तेव्हा मामा आडवा येतो, हाताला धरून थांबवतो आणि स्वतःची मुलगी द्यायचं वचन देतो. बिनलग्नाचं राहायची इच्छा जाहीरपणे बोलून दाखवायची सोय धर्मानेच करून ठेवली आहे, फक्त ती दहा पावलांची आहे. माझ्या मुंजीतही मामाने रीतसर अडवलं, वचन दिलं. त्याची मुलगी पुढे शिकायला कॅनडाला गेली, तिकडेच एका माणसाशी लग्न करून सुखात आहे. मामा दर दिवाळीला मला शर्टाचं कापड पाठवतो. आम्ही दोघंही तो विषय काढत नाही.

सगळंच काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात मोर्चा काढला. डोक्याला फेटे, कोणी घोड्यावर, पुढे बँड, आणि वरात थेट जिल्हाधिकारी कार्यालयावर. मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, असं निवेदन त्यांनी दिलं. वर्तमानपत्रांनी घोड्यांचे फोटो मोठे छापले. मुली का नाहीत, हे त्या निवेदनातच लिहिलेलं होतं, पण निवेदनाचा फोटो चांगला येत नाही. माझ्यासारखा हौसेने बिनलग्नाचा राहिलेला माणूस आणि तो घोड्यावरचा शेतकरी मुलगा यांना पंगतीत एकच प्रश्न विचारला जातो, हे काही बरोबर नाही.

या सगळ्या अभ्यासातून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. बाकीच्या जगाने छळाला तारीख दिली आहे. डेन्मार्कचा माणूस दालचिनी धुऊन टाकतो आणि पुढची पाच वर्षं निर्धास्त जगतो. ब्रेमेनचा माणूस बुचं गोळा करून घरी जातो, मग त्याला कोणी विचारत नाही. विड्याच्या जावयाला तर अंगठी मिळते. आपल्याकडचा छळ बारमाही. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, कुठेही आणि कोणाच्याही हातून. त्यात रंग नाही, वाजंत्री नाही, बीअर तर नाहीच.

तेव्हा समस्त आत्या, मावश्या, काका आणि 'माझ्या पाहण्यात एक स्थळ आहे' म्हणणारे सर्व हितचिंतक यांना नम्र विनंती. वर्षातला एक दिवस सर्वानुमते ठरवा. मी पुण्यात राहतो, पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. त्या दिवशी मी वरपासून खालपर्यंत झाडून काढीन. तुम्ही खुशाल बुचं ओता, मोजे बांधा, परवडत असेल तर मिरपूड उधळा आणि मनात साठलेले सगळे प्रश्न एकदाच विचारून घ्या. चुंबनाचं कलम वगळलेलं बरं, पोलिसांची परवानगी मिळायची नाही. एकच अट, पुढचे तीनशे चौसष्ट दिवस या विषयावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. मंजूर असेल तर तारीख कळवा. झाडू मी माझा आणीन.