ठेवणीतली कुंची, रोजचा लंगोट

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण ज्याने काढली त्याने हत्ती पाहिला होता की नाही कोण जाणे. बाळंतविडा मात्र नक्की पाहिला असणार. बाळंतविड्याचीही अशीच दोन खाती असतात. एका खात्यात कुंची, जरीचं झबलं, मोत्यांचं टोपडं, साटिनचे बूट. दुसऱ्या खात्यात लंगोट, दुपटी आणि बिनबाह्यांची साधी झबली. पहिलं खातं बारशाला ताटात मांडून, वर क्रोशाचा रुमाल घालून येतं. दुसरं येतं पिशवीतून, आणि थेट आतल्या खोलीत जातं. उभी हयात सरकारी कारकुनीत गेल्यामुळे अशी खाती मला लांबूनही ओळखू येतात.

लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी आली आणि आमच्या घरात ही दोन्ही खाती एकदमच उघडली. अर्थात चोरून. आमच्या आईचा दंडक असा, की मूल हाती येईस्तोवर त्याच्या नावाने चिंधीसुद्धा फाडायची नाही. त्यामुळे सातव्या महिन्यापासून आमच्याकडे अधिकृतरीत्या उशांचे अभ्रे शिवले जात होते. चार उशांच्या घरात एवढे अभ्रे कशाला, असं कुणी विचारलं नाही. खुद्द आई रोज दुपारी मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि सूचना द्यायची, ‘‘अगं, त्या अभ्र्याचा मुंढा जरा सैल ठेव. हात आत जायला नको का त्याचा?’’

मशीनवर आमची ही, कात्रीवर माझी मेव्हणी आणि देखरेखीवर आई, अशी पदं भरल्यावर उरलेली जागा माझ्या वाट्याला आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून घरात सगळ्यांत स्वच्छ नजर माझी. त्यामुळे सुईत दोरा ओवणे, बॉबिन भरणे आणि दुसऱ्यांनी मारलेली वाकडी टीप उसवणे ही कामं माझ्याकडे. उसवण्यात मी लवकरच तरबेज झालो. आयुष्यभर इतरांनी केलेल्या टिपणींवर शेरे मारले होते. हाताला सवय होतीच.

दुपट्यांसाठी आईने ट्रंकेतून आपली जुनी सुती नऊवारी काढून दिली. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. मीटरभराचे आठ तुकडे निघतात; दोन-दोन जोडले की एका लुगड्यात चार दुपटी. मेव्हणी कात्री घेऊन सरसावली, तर आईने तिचा हात धरला. काठाला कात्रीने बोटभर चीर दिली, दोन्ही हातांनी कापड धरलं आणि टर्रकन ओढलं. एका झटक्यात, रेघ मारल्यासारखं सरळ. फाडलेलं कापड सुताच्या धाग्याने जातं, कात्री मात्र कापणाऱ्याच्या मनाने, असं तिचं म्हणणं. मेव्हणीने नंतरचे तुकडे कात्रीनेच कापले आणि ते तिच्या मनासारखेच झाले.

मेव्हणीचा जीव तुळशीबागेतून आणलेल्या नव्या कापडावर होता. त्यावर जिराफ होते, फुगे होते, एक पिवळं बदकही होतं. आईने त्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवला. थेंब तिथेच मोत्यासारखा बसून राहिला. कोऱ्या कापडाला खळ असते. दोन-चार धुण्यांत ती गेल्याशिवाय ते पाणी पीत नाही. आणि पाणी पिणं ही तर लंगोटाची एकमेव नोकरी. तोच थेंब तिने लुगड्यावर टाकला, तो पडता पडताच नाहीसा झाला. ‘‘हे कापड कामाला लागलंय,’’ आई म्हणाली, ‘‘तुझा जिराफ अजून उमेदवारीत आहे.’’

झबल्याचं शास्त्र तर याहून खोल निघालं. मोठ्या माणसाची छाती रुंद आणि डोकं लहान. नवजात बाळाचा मामला उलटा. डोक्याचा घेर चौतीस-पस्तीस सेंटीमीटर आणि छाती त्याहून दोनेक सेंटीमीटर कमी. मान म्हणावी असा भाग मध्ये दिसतच नाही. डोक्यातून घालायचा कपडा म्हणजे दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. म्हणून झबलं पुढून किंवा मागून उघडं, आणि बटणाऐवजी बंद. बटण टोचतं, तुटतं, पुढे तोंडातही जातं. शिवाय पहिल्या महिन्यातल्या झबल्यांची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे कातडीला रुतत नाही. एवढा विचार करून शिवलेलं झबलं अंगात घातलं, की भेटायला येणारी प्रत्येक बाई पहिलं वाक्य हेच बोलते, ‘‘अगंबाई, उलटं घातलंय की!’’ आमची ही पहिल्या दिवशी समजावून सांगत होती. आठवडाभरात तिने ‘‘हो, घाईत राहिलं’’ म्हणायला सुरुवात केली.

लंगोटाला बंद असावेत की सेफ्टी पिन, यावर घरात दोन पक्ष पडले. मेव्हणी पिनेच्या बाजूने. तिच्या बांगडीला कायम चार-पाच लटकलेल्या असतात. सेफ्टी पिन काढली ती न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने. पंधरा डॉलरचं देणं फेडायचं होतं म्हणून तारेशी चाळा करताना त्याला ती सुचली. १८४९ साली पेटंट मिळालं आणि त्याने ते चारशे डॉलरला विकून टाकलं. त्याआधी याच गृहस्थाने शिवणाचं यंत्रही तयार केलं होतं. पण हाताने शिवणाऱ्या बायकांची भाकरी जाईल म्हणून त्याचं पेटंट घेतलं नाही, असं सांगतात. त्याची काळजी वाया गेली. यंत्र आल्यापासून आमच्या घरात शिवणाऱ्या बायकांचं काम वाढलंच, वर एक निवृत्त पुरुषही त्याला जुंपला गेला. हंटसाहेबांची ही कथा मी दोन्ही पक्षांना साग्रसंगीत ऐकवली. आईने निकाल दिला, ‘‘पिन बांगडीला शोभते, बाळाच्या ढुंगणाला नाही.’’ बंद मंजूर झाले.

श्रावणात नातू झाला आणि बारशाला विहीणबाई कुंची घेऊन आल्या. ती पाहिल्यावर आमच्याकडच्या अभ्र्यांचा पार पालापाचोळा झाला. गुळेदगुड्डचा अस्सल खण, अंजिरी रंगाचा. कपाळावर मोत्यांची दुहेरी ओळ, कडेने जरीचा गोट, पाठीवर चुण्यांची झालर, शेंड्याला गोंडा. आतून मलमलीचं अस्तर इतकं सफाईने लावलेलं, की टाका शोधायला मला, म्हणजे घरातल्या अधिकृत नजरेला, चष्मा पुसावा लागला. उसवायला कुठे जागाच नव्हती. हिने ती उलटसुलट करून पाहिली आणि ‘‘छान आहे हो, बाहेर शिवून घेतलीत का?’’ असं विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, ‘‘छे, घरीच. वेळ होता ना.’’ या दोन वाक्यांत जे युद्ध झालं ते इतिहासात नोंदलं जाणार नाही.

आत्याने कानात ‘कुर्रर्र’ केलं, नाव ठेवलं, आणि कुंची चढवण्यात आली. बाळाने सभागृहाकडे एकवार पाहिलं आणि जो टाहो फोडला तो फोटोग्राफरचा ‘‘एक मिनिट, एक मिनिट’’ संपेपर्यंत चालू राहिला. फोटोत कुंची सुरेख आली आहे. तिच्या आत एक उघडं तोंड आहे.

ताटातल्या इतर ऐवजाचीही गत हीच. चार लाळेरी आली होती, एकावर ‘आजीचा लाडका’ असं भरतकाम. बाराव्या दिवशी बाळाला लाळ कुठली? ती साधारण तिसऱ्या महिन्यापासून गळायला लागते. तोवर लाळेरी कपाटात गेली, आणि लाळ सुरू झाली तेव्हा कपाटाची किल्ली सापडेना. विणलेले हातमोजे बालरोगतज्ज्ञांनी उलटे करून पाहिले आणि आतला सुटा दोरा ओढून दाखवला. असा दोरा इवल्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं. शिवाय भूक लागल्याची खूण म्हणून बाळ मूठ तोंडात घालतं, ती मूठच बांधली तर त्याने अर्ज करायचा कुठे? मेव्हणीने डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर उशी नको, सपाट गादी बरी. ती मोहरी पुढे कैक महिने आमच्याकडे फोडणीला आली. जेवताना कुणी वरणाची तारीफ केली, की मेव्हणीचा चेहरा पडायचा.

आणि या सगळ्या काळात पिशवीतून आलेलं खातं अखंड राबत होतं. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होत असले म्हणजे दूध पुरेसं मिळतंय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मी तातडीने एक वही घातली. तारीख, वेळ, ओला, शेरा. आवक-जावक चोख. आमचा जावई संगणकावर काम करतो; त्याने वही चाळली आणि ‘‘बाबा, याचा आलेख काढता येईल,’’ असं आदराने म्हणाला. कचेरीत माझ्या एकाही रजिस्टरला हा मान मिळाला नव्हता. त्यातून पुण्याचा पाऊस. गॅलरीत लंगोट, पंख्याखाली लंगोट, दिवाणखान्यात दोरी बांधून लंगोट. आईच्या काळी शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट वाळवत आणि निखाऱ्यांवर ओवा टाकत. आमच्याकडे ते काम इस्त्रीवर आलं. कुणी पाहुणे आले की दोरीखालून वाकून यायचे. त्यामुळे आमच्या घरात बाळाला भेटायला येणारा प्रत्येक जण आपोआप नमस्काराच्या पवित्र्यात यायचा.

त्या बदकाच्या कापडाचे लंगोटही अखेर कामाला लागले. धुऊन धुऊन जिराफाची मान पुसट झाली, बदक नाहीसं झालं, आणि मगच ते कापड पाणी प्यायला लागलं. मेव्हणीला वाईट वाटलं. आई म्हणाली, ‘‘आता तो कायम झाला.’’

आता नातू वर्षाचा झाला आहे आणि हिशेब समोर आहे. कुंची डांबराच्या गोळीसकट, मऊ मलमलीत गुंडाळून, लोखंडी कपाटात आहे. एका मिनिटाच्या नोकरीवर तिने तहहयात पेन्शन मिळवली आहे. तिला घरातल्या पुढच्या दोन बारशांची आमंत्रणंही आली आहेत. ‘‘तेवढी कुंची द्याल ना?’’ असं लोक विचारतात. लंगोट कुणी मागत नाही. कचेरीत मी नेमकं हेच पाहिलं. जो समारंभात पुढे मिरवला त्याच्या गळ्यात हार पडले, त्याचा फोटो भिंतीवर लागला. जो रोज ओला झाला, पिळला गेला, वाळत पडला, त्याचं नाव पुढच्या टेबलावरच्यालाही आठवत नाही.

लंगोटांपैकी काही ओट्याशी गेले, काही कपाटाच्या तळाशी आणि एक माझ्या स्कूटरच्या डिकीत. परवा सकाळी मी त्याने चाकावरचा चिखल पुसत होतो, तेवढ्यात आई गॅलरीत आली. तिने वरूनच कापड ओळखलं.

‘‘अरे, आत्ता कुठे ते मऊ झालंय, आणि तू चाकं पुसतोस?’’

माझ्या निवृत्तीच्या दिवशी साहेब माझ्याबद्दल असं एखादं वाक्य बोलले असते, तर त्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ मी आनंदाने परत केलं असतं.