बी विंगमधलं लोखंड

झिंक फेराइट हा जन्मजात सज्जन पदार्थ आहे. फेराइटांच्या घराण्यात जन्मला, सूत्रात लोखंडाचे दोन-दोन अणू बाळगून आहे, पण खोलीच्या तापमानाला चुंबकाची ओढ म्हणाल तर नावाला. त्याचे भाऊबंद बघा. बेरियम-स्ट्रॉन्शियमवाले मंडळाच्या स्पीकरमध्ये बसून गणपतीत अख्खी गल्ली हादरवतात. मँगेनीज-झिंकवाले चार्जरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कायमच्या नोकरीला लागले. टोकियोत काटो आणि ताकेई या दोघांनी १९३० च्या सुमारास या घराण्याचा उद्योगधंद्यात जम बसवला. तेव्हापासून हा एकटाच घरी बसून.

दोष रचनेचा आहे. त्याची स्फटिकरचना स्पिनेल, म्हणजे दोन विंगांची सोसायटी, आणि या विंगांना शास्त्रातही ए आणि बी असंच म्हणतात. एका युनिट सेलमध्ये ए विंगेत ६४ जागा, पैकी ८ भरलेल्या. बी विंगेत ३२, पैकी १६ भरलेल्या. बाकीचे फ्लॅट कुणीतरी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूपबंद ठेवले असावेत. ए विंगेत राहतो झिंक. सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बी विंगेत झाडून सगळं लोखंड. वास्तविक फेराइटचं चुंबकत्व येतं ते ए विरुद्ध बी या भांडणातून: दोन्ही विंगा परस्परविरोधी तोंडं करून उभ्या राहतात, ताकद असमान असते आणि वजाबाकीत जे उरतं ते चुंबकत्व. लुई नील यांनी १९४८ साली हे मांडलं, १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फुकटात ठाऊक होतं. पण इथे ए विंग भांडायलाच तयार नाही, त्यामुळे सगळा थंडा कारभार.

या सज्जनाला बिघडवणं हा माझ्या पीएच.डी.चा विषय.

साधन एकच, बॉल मिल. भट्टीतून काढलेलं फेराइट जारमध्ये घालायचं, वर वजनाच्या दहापट बॉल्स टाकायचे, झाकण आवळायचं आणि मिल सुरू करायची. स्टीलचे बॉल वापरावेत तर ते झिजतात, त्यांचं लोखंड पावडरीत उतरतं आणि परीक्षक गोड आवाजात विचारतात, "हे चुंबकत्व पावडरीचं की बॉलचं?" म्हणून झिर्कोनियाचे मागवले. बिल बघून अकाउंट्समधल्या भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "एवढ्या पैशात गोट्या?"

मिल गरम होते म्हणून थोडा वेळ चालवायची, थोडा वेळ थांबवायची. थांबते तेव्हा ती विश्रांती घेते आणि मी रजिस्टर भरतो. चालते तेव्हाची खडखड इतकी की शेजारच्या वर्गातल्या मॅडम क्वांटम मेकॅनिक्स खाणाखुणांनी शिकवतात.

जार उघडला की विटकरी पावडर तळाशी गच्च बसलेली असते. स्पॅट्युलानं खरवडून ती काचेच्या बाटलीत भरायची आणि बाहेरून चुंबक लावायचा. मिलिंगच्या आधी ढिम्म बसून असलेली पावडर आता काचेला चिकटून चुंबकामागोमाग वर चढते, बारीक काटे उभारून. मार खाता खाता काही झिंक बी विंगेत गेलेला असतो आणि काही लोखंड ए विंगेत घुसलेलं असतं. भांडायला माणूस मिळाला!

डोळ्यांना दिसलं ते कागदावर यावं लागतं. एक्सआरडीमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या आलेखात, शिखरं रुंदावतात, त्यावरून शेररच्या सूत्रानं कण किती नॅनोमीटरचा ते काढायचं. मग व्हीएसएम: चिमूटभर पावडर चुंबकीय क्षेत्रात थरथरवायची आणि शेजारच्या कॉइलमध्ये उमटणारा व्होल्टेज मोजायचा. हे यंत्र दुसऱ्या गावच्या संस्थेत. तिथे फोन केला की उत्तर ठरलेलं, "चिलर बंद आहे, पुढच्या आठवड्यात बघा." अखेर आलेखावर इंग्रजी एससारखा लूप उमटतो आणि दुपारच्या चहाचे पैसे मी देतो.

हीच पावडर पुन्हा भट्टीत चांगली तापवली की मंडळी मुकाट्यानं आपापल्या विंगेत परततात आणि चुंबक लावला तरी कुणी जागचं हलत नाही.

यावरून बोध घेऊन मी सरांना सुचवलं, की विभागात वर्षानुवर्षं जो तो आपल्याच खुर्चीत बसून आहे, जरा जागांची अदलाबदल करून बघू, विभागाला आकर्षण येईल. सरांना कल्पना पसंत पडली. दुसऱ्या दिवशी माझं टेबल मिलच्या खोलीत हलवलं.