बोलकी झाडं, बहिरे पाहुणे

मे सरता सरता नाशिककर पांडवलेण्याच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यानात जातो आणि ‘सगळं वाळलंय हो!’ म्हणून नाक मुरडतो. वास्तविक साग वाळलेला नसतो. पाणी वाचवायला त्याने पानं गाळलेली असतात. (पाणीकपातीतही अंगणात पाइप सोडून गाडी धुणाऱ्यांना हे कळणं अवघडच.) तिकीट काढून उघडी खोडं का बघायची, हा आक्षेप रास्त वाटतो खरा, पण पानझडी जंगल उन्हाळ्यात असंच दिसतं, बारमाही हिरवळ हवी तर मंगल कार्यालयाचं लॉन आहेच. या वनोद्यानात ध्वनी-प्रकाशाच्या खेळात झाडांना बोलतं केलं गेलं. मुलांना त्याने झाडांची गोडी लागते म्हणतात. लागत असेलही, पण दिवसा बहाव्याचे पिवळे घोस डोक्याला घासत असताना पालक विचारतात, ‘झाडं बोलतात ती कुठे?’